लाल त्रिकोण आणि मशेरीची डबी

निपाणीच्या बाजारात माझं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. औषधं पिकाची, माणसानं घेतली तर थेट वरचा रस्ता. तंबाखूवरची अळी, उसावरचा मावा, सोयाबीनची पानं कुरतडणारी जनावरं, सगळ्यांचा बंदोबस्त माझ्या फळीवर बाटल्यांतून उभा असायचा. जन्मानं मी जैन आणि धंदा हा. बायको पिठातला किडा अलगद चिमटीत धरून परसात सोडायला निघायची आणि जाता जाता माझ्याकडे एकदा बघायची.  त्या बघण्याखाली मी सगळा संसार काढला.

पण एक गोष्ट मी आजही छाती पुढे काढून सांगतो. त्रिकोण दाखवल्याशिवाय मी एकाही गिऱ्हाइकाला बाटली दिली नाही. लेबलावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगवलेला असतो. आम्ही त्याला त्रिकोणच म्हणतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याच्याखाली, मग निळा, मग हिरवा. "ह्यो बघ, लाल हाय. पोराबाळांच्या हाताला लागू देऊ नको. मोकळी बाटली घरात न्यायची न्हाय," हे मी इतकं बोललोय की झोपेतही बोलायचो, असं बायको सांगते. मोकळ्या डब्यांत कुणी पाणी भरू नये म्हणून मी त्यांना भोकं पाडायला लावायचो. शेतकरी इमानदारीनं भोकं पाडायचे. मग त्यांच्या बायका त्यात माती भरून गुलाब लावायच्या. पाणी झिरपायला भोक आयतंच मिळालेलं असायचं.

गुडघे कुरकुरायला लागले तसं मी दुकान बंद केलं. त्यानंतरचे महिने वाईट गेले. ज्या माणसाला दिवसभर लोक विचारत होते, "आण्णा, ह्या पानाला काय झालंय बघा की," त्याला आता कुणी काहीच विचारेना. बायकोला मी भाजीच्या पानांवरचे रोग सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "भाजी निवडायला बसायचं तर गप बसा, न्हायतर उठा."

अशात बेळगावहून मुलाचा फोन आला. त्याचा फ्लॅट टिळकवाडीत. तो एका खासगी कंपनीत, सून कोर्टात वकील, आणि अडीच वर्षांची नात. नातीला सांभाळणाऱ्या मावशी गावी निघून गेल्या होत्या. "आप्पा, तुम्ही आणि आक्का येऊन राहाल का?" मुलानं विचारलं. आईला तो आक्का म्हणतो. मी जरा आढेवेढे घेतले, घर आहे, झाडं आहेत, असं म्हणालो. बायकोनं मागून ओरडून सांगितलं, "पिशव्या भरून झाल्यात म्हणून सांगा त्येला."

त्या पिशव्यांनीच घोटाळा केला.

आमच्या घरात रिकामं भांडं कधी बाहेर जात नाही. बाटली असो, बरणी असो, पत्र्याची डबी असो, तिचं पहिलं काम संपलं की तिला दुसरं काम लागतं. लोणच्याच्या बरणीत खिळे, मुलाच्या लहानपणीच्या दूधपावडरच्या डब्यात साबुदाणा, घराला लावलेल्या रंगाच्या बादलीत आंघोळीचं पाणी. बाहेरच्या माणसाला आमच्या स्वयंपाकघरात साधा चहा करता येणार नाही. साखर कशात आहे हे फक्त बायकोला ठाऊक, आणि तिच्यानंतर देवाला.

तर तिनं निपाणीहून फिनेल आणलं होतं. आमच्या गल्लीत फिनेलवाला गाडीवर मोठा कॅन बांधून येतो आणि ज्याच्या त्याच्या बाटलीत ओतून देतो. बेळगावच्या फिनेलला फुलांचा वास येतो, त्यानं फरशी निघत नाही, असं बायकोचं ठाम मत. म्हणून पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत पांढरंशुभ्र फिनेल भरून, बूच घट्ट लावून, ती बाटली तिनं बेळगावला आल्यावर मुलाच्या ओट्यावर ठेवली. शेजारी ताकाची तपेली होती.

संध्याकाळी मुलगा ऑफिसहून तहानलेला आला. आईच्या हातचं ताक दिसल्यावर त्याचे डोळे पाणावले असणार. त्यानं बूच काढलं, बाटली तोंडाकडे नेली आणि ओठाला लागायच्या आधी नाकानं काम केलं. तो जो शिंकायला लागला तो थांबेना.

सून दारातच उभी होती. काळा कोट अजून अंगावर होता. तिनं बाटली घेतली, हुंगली, बूच लावलं आणि शांतपणे विचारलं, "आक्का, हे काय आहे?"

"फिनेल हाय."

"कशात आहे?"

"बाटलीत."

"कशाच्या बाटलीत?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे बघायला लागलो. साक्षीदार असा फुटला की वकिलाला पुढं विचारायला लागत नाही.

त्याच संध्याकाळी घराची झडती झाली. बायकोनं आल्या आल्या न्हाणीघराच्या जाळीवर, कपाटात, गादीखाली, सगळीकडे डांबरगोळ्या पेरल्या होत्या. झुरळ मारणं पाप, म्हणून ती फवारा वापरत नाही. "मारायचं न्हाय कुणाला. वास सोडायचा. जायचं ती आपनहून जात्यात," असं तिचं धर्मशास्त्र. सुनेनं एक गोळी कागदावर घेतली आणि नातीपुढे लांबून धरून विचारलं, "हे काय आहे गं?"

नात आनंदानं म्हणाली, "खाऊ!"

 सुनेनं सगळ्या गोळ्या वेचून पिशवीत बांधल्या. हात धुऊन ती आमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आप्पा, आक्का, तुम्ही आलात याचा मला खरंच आनंद आहे. पण तिच्या बाबतीत मी धोका पत्करणार नाही. दिवाळीपर्यंत बघू. असं पुन्हा काही झालं, तर कोपऱ्यावर पाळणाघर आहे."

ते पाळणाघर मी येतानाच पाहिलं होतं. त्याच्या भिंतीवर एक पिवळा जिराफ रंगवलेला आहे. मान वाकडी करून तो रस्त्यावरच्या लोकांकडे हसत बघतो. त्या दिवसापासून तो माझ्याकडेच बघून हसतोय असं मला वाटायला लागलं. दुपारी नात माझ्या मांडीवर बसायची, बोटानं बाहेरचं झाड दाखवायची आणि विचारायची, "आज्जा, ह्ये काय?" दुकान बंद झाल्यापासून मला पहिल्यांदा कुणीतरी झाडाबद्दल विचारत होतं. ती जिराफाकडे गेली असती तर मी निपाणीला परत जाऊन काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

तेव्हा मी कामाला लागलो. विषय माझा होता. बायकोच्या हातून चूक झाली होती, पण घरात तज्ज्ञ मी होतो. मी जाऊन चार रंगांचे चिकट कागद आणले, कात्री घेतली आणि जेवणाच्या टेबलावर त्रिकोण कापायला बसलो.

फिनेल, संडासचं ॲसिड, तुंबलेल्या मोरीत टाकायची पूड: लाल. डास पळवायचं यंत्र आणि त्याची बाटली: पिवळा. धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण: निळा. शाम्पू, टूथपेस्ट: हिरवा. सुनेच्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीला मी लाल लावला. ती म्हणाली, "आप्पा, लाल?" मी म्हणालो, "वास घेऊन बघ." तिनं घेतला आणि बाटली स्वतःच लाल रांगेत ठेवली. मुलाच्या अत्तराला पिवळा लावला. उदबत्तीच्या पुड्याला हिरवा लावल्यावर मात्र बायको उठून उभी राहिली. "देवाच्या वस्तूला?" मी म्हणालो, "पोरानं चावली तर देव येणार हाय व्हय डॉक्टरकडं?" त्या दिवशी मला आमटी बिनमिठाची मिळाली.

एकाच वस्तूपुढे माझं काही चाललं नाही. बायको मशेरी लावते. आमच्या भागात त्याचं नवल नाही. तंबाखू आमच्या अंगणात वाळतो. तो तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना घासायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला डबीशिवाय पाहिलेलं नाही. डबी पत्र्याची, कधीकाळी गोळ्या-बिस्किटांची असावी. वरचं चित्र घासून गेलेलं. मी लाल त्रिकोण बोटावर घेऊन तिच्याजवळ गेलो. ती डबी पदराआड धरून म्हणाली, "लावून बघा." फक्त एवढंच. मी त्रिकोण परत कागदावर चिकटवला. तंबाखू लाल की पिवळा यावर अजून अभ्यास करायला हवा, असं मी स्वतःला सांगितलं.

बाकी घर मात्र असं सजलं की माझा ऊर भरून आला. तो दोन दिवसदेखील भरलेला राहिला नाही.

माझ्या नातीचा आवडता रंग लाल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि चिकटवायची चित्रं म्हणजे तिचा जीव की प्राण. आजवर तिला बेसिनखालच्या, लाल बाटल्यांच्या कपाटात काडीचा रस नव्हता. आता ती त्या दारापुढे मांडी घालून बसायची आणि दार खडखडवत ओरडायची, "लाल! लाल!" मी विषाच्या कपाटावर बोलावणं चिकटवून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला त्रिकोणाचा अर्थ सांगायला मी काउंटरमागे उभा असायचो, इथं अर्थ सांगितला तरी ती म्हणायची, "दे."

हाताला लागतील ते त्रिकोण ती नखानं सोलून काढायची आणि तिला योग्य वाटेल तिथं लावायची. दुधाच्या पातेल्यावर लाल. पाण्याच्या फिल्टरवर पिवळा. देव्हाऱ्यावर निळा. एके दिवशी मुलगा ऑफिसहून आला तर शर्टाच्या पाठीवर निळा त्रिकोण. दिवसभर मीटिंगा करून आला होता. मी सुनेला समजावून सांगितलं, "निळा म्हंजे मध्यम विषारी." ती म्हणाली, "बरोबर लावलाय तिनं." त्या घरात त्या दिवशी सून पहिल्यांदा मोठ्यानं हसली, आणि मला वाटलं, जिराफ थोडा मागे हटला.

या काळात बायकोचं काहीतरी बिनसलं होतं. सारखी चिडायची. डोकं दुखतंय म्हणून कपाळाला फडकं बांधून बसायची. तोंडात सतत लवंग. टाळी वाजवावी तशी भांडी आपटायची. फ्लॅटची हवा तिला मानवत नाही असा मी निष्कर्ष काढला आणि रोज सकाळी तिला फिरायला जायचा सल्ला दिला. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. इथं आल्यापासून तिनं तंबाखू भाजायला तवाही ठेवला नव्हता. मशेरीच्या वासानं सगळी इमारत खोकली असती, म्हणून निपाणीहूनच मोठा साठा भाजून आणला असेल, असं मला वाटलं. डबी नेहमीसारखी तिच्याजवळ असायची, बोट डबीत आणि मग तोंडात जायचं. नात समोर बसून ते टक लावून बघायची. मी दोनदा बोललो, "पोरगी बघतीया." ती म्हणायची, "बघू दे की."

मला तिचा संताप यायचा. साऱ्या घराला त्रिकोण लावून मी रक्ताचं पाणी करतोय, आणि ही बया पोरीसमोर जहर चाखून दाखवतेय.

दिवाळी तोंडावर आली होती. त्या सकाळी नातीनं माझ्या टकलावर काहीतरी चिकटवलं आणि टाळ्या वाजवल्या. मी लक्ष दिलं नाही. सून कोर्टात गेली, मुलगा ऑफिसला. बायको म्हणाली, "बस्तीत जाऊन येतो. पोरीवर ध्यान ठेवा." बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. मी टेबलाशी बसलो होतो. सोललेल्या त्रिकोणांच्या जागी नवे कापायचे होते आणि या खेपेला मी त्यांना नातीला न आवडणारा आकार द्यायच्या विचारात होतो. कामात चांगलं मन लागलं. घर इतकं शांत होतं की मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच चुकीचं होतं.

मी मान वर केली तेव्हा नात आजीच्या पलंगाजवळ फरशीवर बसली होती. पुढ्यात मशेरीची डबी उघडी. तोंड काळं, हनुवटी काळी, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. बोट हिरड्यांवर, अगदी आजीसारखं. आणि डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, तोंडातून लाळेची तार फ्रॉकवर.

लाळ, डोळ्यांना पाणी, नाकाला पाणी. विष चढल्याची ही लक्षणं मी आयुष्यभर लोकांना पाठ करून दाखवली होती. ती आता माझ्या नातीच्या तोंडावर होती. हातांना काम माहीत होतं. ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, जीभ पुसली. उलटी काढायची नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, डॉक्टरकडे जायचं आणि जे पोटात गेलं त्याचा डबा बरोबर न्यायचा. हे सगळं मी ओरडून स्वतःला सांगत होतो. शेजारची बाई दार उघडून बाहेर आली. "डॉक्टर! पोरांचा डॉक्टर!" म्हणून मी जिना उतरलो, काखेत नात, हातात डबी.

रिक्षावाल्याला मी कन्नडमध्ये लवकर चला म्हणायला लागलो. "लगू नडी री! लगू नडी री!" तो म्हणाला, "मामा, मराठी येतंय मला." आणि सुसाट निघाला तो थेट रेल्वेच्या गेटापुढे. गेट बंद. टिळकवाडीत राहणाऱ्याला गेट बंद मिळाल्याशिवाय कोणतंही संकट पुरं होत नाही. मालगाडी निघाली होती, आणि तिला शेवटच नव्हता. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे एकदा बघायचा, एकदा माझ्या हाताकडे. मी म्हटलं, काळजी करतोय बिचारा.

तिथं, त्या गेटापाशी, मी फोन काढला. सुनेचं नाव समोर आलं आणि अंगठा थांबला. फोन केला तर नात गेली जिराफाकडे. नाही केला तर मी माणसातून गेलो. नात माझ्या छातीवर लाळ गाळत रडत होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की ती माझ्याकडे राहावी यापेक्षा ती राहावी एवढंच मला पाहिजे आहे. मी फोन केला. "हिनं मशेरी खाल्ली. मी घेऊन निघालोय." सून फक्त "आले" म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नातीला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, छाती तपासली, नाडी बघितली. मी डबी पुढे केली आणि माहिती दिली: भाजलेला तंबाखू, किती पोटात गेला माहीत नाही, उलटी काढलेली नाही, लक्षणं अमुक अमुक. त्या म्हणाल्या, "छान केलंत आजोबा, लगेच आणलंत ते." मग जरा थांबून म्हणाल्या, "ती कात्री इकडे ठेवता का?"

माझ्या उजव्या हाताच्या बोटांत कात्री अडकलेली होती. सगळ्या वाटेनं.

"आणि डोक्याला काय लागलंय?"

मी हात लावला. टकलाच्या मधोमध लाल त्रिकोण.

एवढ्यात सून आली. कोट, गळ्याला पांढरी पट्टी, केस सुटलेले. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ नातीला उचललं. नात आईला बघून आणखी जोरात रडली आणि म्हणाली, "भाकरी दे."

डॉक्टरीणबाई चमकल्या. त्यांनी डबी नाकाशी नेली. पुन्हा नेली. "यात जिऱ्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"मशेरीत जिरं कुठलं घालतात?" मी म्हणालो.

"तेच म्हणते मी."

तेव्हा दार लोटून बायको आत आली. शेजारणीनं तिला सांगितलं होतं. पायात चप्पल नव्हती, बस्तीतून तशीच आली होती, कपाळाचा घाम गळ्यावर आलेला. तिनं आधी नात बघितली, मग डॉक्टरांच्या हातातली डबी.

"त्यात चटणी हाय," ती म्हणाली. "कारळ्याची."

मला आगच लागली. "आता तरी खोटं बोलू नको!"

तिनं डबी घेतली, चांगली चिमूटभर काढली आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकून चावली. "तिखट जरा ज्यास्त झालंय," ती म्हणाली. "म्हणून रडतीया माझी बाय."

कारळ्याची चटणी काळीच असते. वाटलेली, कोरडी, मशेरीच्या जुळ्या बहिणीसारखी. डॉक्टरीणबाईंनी तरीही नातीला तासभर तिथंच ठेवून घेतलं. "डबी मशेरीचीच होती ना? मग बघूनच सोडते. शंका असली की असंच आणत जा," त्या म्हणाल्या. तो तास आम्ही चौघं बाकावर बसलो. नात पाणी पीत होती, दूध पीत होती आणि माझ्या टकलावरचा त्रिकोण सोलत होती.

"मशेरी कुठाय?" मी शेवटी विचारलं.

"सोडली."

"कवा?"

"ती बाटली झाली त्या दिवशी. पोरगी माझ्या बोटाकडं बघती हे काय तुमालाच दिसतंय व्हय? डोळं हाईत मला. सगळी टाकून दिली मोरीत."

"आणि ही डबी?"

"बोट जातंय की हो डबीत. त्येला काय सांगायचं?" तिनं मान फिरवली. "काय तरी काळं पायजे हुतं. लावलं की जरा जीव ऱ्हातोय."

चिडचीड, डोकेदुखी, लवंगा, बिनमिठाची आमटी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी तिला फिरायला जा म्हणत होतो.

"मग सांगितलं का नाही, आक्का?" सुनेनं विचारलं. तिचा आवाज कोर्टातला नव्हता.

"ह्यास्नी सांगून? ह्येंनी माझ्या कपाळावर तिरकोन चिकटवला आसता. हिरवा."

डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसल्या. सून हसली नाही. तिनं डबी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "फिनेल पाण्याच्या बाटलीत. चटणी मशेरीच्या डबीत. आक्का, आज यात चटणी होती. पण या डबीतलं खायचं असतं, हे ती आज शिकली. उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात अशीच डबी दिसली, तर?"

  माझे त्रिकोण आणि तिचा त्याग, दोन्ही एकाच बाकावर मान खाली घालून बसले होते.

येताना रिक्षात नात माझ्या मांडीवर होती. कोपऱ्यावर आल्यावर सून म्हणाली, "इथं थांबवा." समोर जिराफ. मान वाकडी, दात बाहेर. मी नातीचा पाय घट्ट धरला. बायकोनं माझा हात धरला. असा हात तिनं चारचौघांत कधी धरल्याचं आठवत नाही. सून उतरली, पाळणाघराच्या फाटकावरून पुढे गेली आणि शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कड्या, स्क्रू आणि एक छोटं कुलूप होतं.

"आप्पा, त्रिकोण बास झाले," ती म्हणाली. "उंचावर ठेवायचं आणि कडी लावायची. लावता येते ना कडी?"

मी म्हणालो, "दुकानाची शटर कोण लावत हुतं मग?"  आणि तिच्या हातातल्या कड्या मी माझ्याकडे घेतल्या.

त्या संध्याकाळी आमच्या जैन रिवाजाप्रमाणे सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली आणि सगळं घर कामाला लागलं. मी कड्या ठोकल्या. मुलानं विषारी ते सगळं वरच्या फळीवर नेलं. सून एकेका बाटलीत नाक घालून विचारत होती, "हे काय?" आणि बायको सांगत होती. निपाणीचं फिनेल गेलं. तिथून पिशवीत आलेली खिळ्यांची बरणीही गेली. सकाळी घंटागाडी आली तेव्हा बायको स्वतः खाली उतरली. हातात ती पत्र्याची डबी होती. तिनं आयुष्यात पहिल्यांदा रिकामी डबी बाहेर टाकली. गाडी पुढच्या वळणावर जाईपर्यंत ती फाटकात उभी होती.

दिवाळी होऊन गेली. पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि तो काढण्याइतका मी मूर्ख नाही. उरलेले त्रिकोण नातीला देऊन टाकले. तिनं ते खिडकीखालच्या भिंतीवर लावले आहेत.

सकाळी उठलं की बायको मागच्या बाल्कनीत बसते. उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप मांडीशी डबी शोधतं. डबी नसते. मग ते तसंच वर जातं आणि कोरडंच हिरड्यांवर फिरतं, डावीकडून उजवीकडे. तिच्या शेजारी नात बसलेली असते, आजीकडे बघत, तसंच कोरडं बोट स्वतःच्या इवल्या दातांवर फिरवत. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहतो आणि आत न जाता दोघींच्या बोटांकडे बघत राहतो. चहा गार होतो.